स्ट्रॉबेरी हिल : वस्तू, वर्णन आणि वारसा

होरेस वॉलपोलविषयी मेकॉलेने ऑक्टोबर १८३३ मध्ये 'एडिंबरो रिव्ह्यू'त लिहिलेला निबंध प्रसिद्धच आहे. पुढच्याच वर्षी मेकॉले हिंदुस्थानात आला. त्याचे निबंध येथील विद्यापीठांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले, आणि वॉलपोलचे एकही पुस्तक न चाळलेल्या वाचकाच्या मनातही 'क्षुल्लकाचा उपासक' अशी त्याची प्रतिमा रुजली. हा निबंध कठोर आहे. क्वचित तो निर्दयही आहे. परंतु त्यात एक निरीक्षण असे आहे की, ते मेकॉलेला स्वतःला वाटले त्याहून अधिक मोलाचे ठरावे. वॉलपोलचे घर, त्याची बाग, त्याचे सामानसुमान आणि त्याचे लेखन यांच्यामागे एकच कल्पकता वावरते, आणि ती विलक्षणाच्या पलीकडे जात नाही, असे मेकॉले म्हणतो. यातील पूर्वार्ध निर्विवाद खरा आहे. उत्तरार्ध मात्र तपासून घ्यावा लागतो. कारण घर आणि लेखन ही एकाच वृत्तीची दोन रूपे असतील, तर त्या घराविषयी वॉलपोलने स्वतः जे लिहिले ते आधी वाचले पाहिजे. त्याने आपल्या घराविषयी दोन पुस्तके लिहिली. एक उघडपणे त्या घराची वर्णनसूची आहे. दुसरी कादंबरी आहे, आणि ती भलत्याच घराची म्हणून सांगितलेली आहे. ही दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची पद्धत नाही. वर्णनसूची पुराणवस्तुसंग्राहकांकडे जाते, कादंबरी वाङ्मयेतिहासकारांकडे. आणि दोहोंतून मिळून जे बोलले गेले आहे ते दोघांच्याही हातून निसटते.

घराची हकीकत थोडक्यात अशी. सर रॉबर्ट वॉलपोल या पंतप्रधानाचा हा धाकटा मुलगा. १७४७ साली त्याने लंडनजवळ टेम्सच्या काठी ट्विकनहॅम येथे एक लहानसे घर भाड्याने घेतले व लवकरच ते विकतही घेतले. शोभेच्या चिजा आणि खेळणी विकणाऱ्या मिसेस चेनेव्हिक्स यांच्याकडून ते मिळाले, याची त्याला मोठी गंमत वाटे. त्या जमिनीचे नाव जुन्या दस्तऐवजात 'स्ट्रॉबेरी हिल शॉट' असे आढळले; त्यावरून घराचे नाव पडले. जॉन च्यूट आणि रिचर्ड बेंटली या मित्रांसह त्याने एक 'अभिरुचिमंडळ' स्थापिले, आणि पुढे कित्येक वर्षे हे मंडळ त्या साध्या घराला मध्ययुगीन मठाचे वा गढीचे रूप देण्यात गढून गेले. १७५४ मध्ये पूर्ण झालेल्या ग्रंथालयातील कपाटांच्या कमानी जुन्या सेंट पॉल्स देवालयातील दाराच्या चित्रावरून घेतल्या. ते देवालय १६६६ च्या आगीत नष्ट झाले होते. तेव्हा नमुना पुस्तकातूनच घ्यावा लागला. त्याच दालनातील शेगडीची महिरप वेस्टमिन्स्टर आणि कँटरबरी येथील दोन थडग्यांवरून बेतली. १७६३ मध्ये पुऱ्या झालेल्या दीर्घ दालनाचे छत वेस्टमिन्स्टरमधील सातव्या हेन्रीच्या प्रार्थनामंदिराची आठवण करून देते; परंतु मूळ छत दगडाचे आहे आणि हे कागदाच्या लगद्याचे. जिन्याच्या भिंतींवर दिसणारे कोरीवकाम हे रंगविलेल्या कागदाचे आहे.

या लगद्यावरून वॉलपोलची थट्टा पुष्कळ झाली आहे. ती योग्यच आहे. थडग्याची महिरप करून तिच्यात विस्तव पेटविणारा मनुष्य मध्ययुगाचा भक्त म्हणावा तर त्याची भक्ती विचित्र आहे. पण यातून एक गोष्ट दिसते. वॉलपोलला दगडाशी कर्तव्य नव्हते. त्याचे गॉथिक हे पुस्तकातील कोरीव चित्रांवरून, म्हणजे वाचनातून, आलेले होते. हे घर मुळातच अवतरणांचे घर आहे. येथे प्रत्येक कमान कोठून उचलली हे ठाऊक असले तरच तिला अर्थ येतो. आणि ते सांगणारा कोणी नसेल तर उरतो तो रंगविलेला लगदा.

सांगण्याची ही गरज वॉलपोलला लवकर उमगली होती. त्याच्या वडिलांचे हाउटन हे नॉरफोकमधील घर म्हणजे खराखुरा इंग्लिश ग्रामप्रासाद होता: भोवती जहागिरीची जमीन, आत सत्तेच्या काळात जमविलेली थोर चित्रे. त्या चित्रांची वर्णनसूची तरुण होरेसने 'एडीझ वॉलपोलियानी' या नावाने केली. ती १७४७ मध्ये छापली गेली. पुढे कर्जात बुडालेल्या पुतण्याने ती चित्रे रशियाच्या सम्राज्ञी कॅथरिनला विकली. १७७९ मध्ये दोनशेच्या वर चित्रे सुमारे चाळीस हजार पौंडांना सेंट पीटर्सबर्गकडे रवाना झाली. बापाच्या घराच्या भिंती उघड्या पडल्या आणि मुलाने विशीत केलेली यादी तेवढी हातात राहिली.

स्ट्रॉबेरी हिलच्या वर्णनसूचीची पहिली आवृत्ती वॉलपोलने घरच्याच छापखान्यावर १७७४ मध्ये काढली. हा छापखाना त्याने १७५७ मध्ये घातला होता आणि त्यावर पहिल्याने छापल्या त्या टॉमस ग्रेच्या दोन उद्देशिका. वर्णनसूचीची वाढविलेली आवृत्ती १७८४ ची आहे, म्हणजे हाउटनच्या विक्रीनंतरची. तिच्या प्रस्तावनेत वॉलपोल जे सांगतो ते अशा पुस्तकात सहसा कोणी सांगत नाही. या वस्तूंची भावी काळात पांगापांग होणार हे गृहीत धरूनच आपण ही यादी देत आहो. ज्यांच्या हाती त्या पडतील त्यांना आपल्या खरेदीचा इतिहास येथे सापडेल, असा त्याचा आशय आहे. घरमालक आपल्या संग्रहाचे वर्णन छापतो ते ऐश्वर्य दाखविण्यासाठी, वंशजांना बजावण्यासाठी, निदान मिरविण्यासाठी. येथे मालक जिवंतपणी, भरल्या घरात बसून, रिकाम्या घराची तयारी करीत आहे. हा सूर क्षुल्लकाच्या उपासकाचा नाही.

पुस्तकाची रचना साधी आहे. वाचक दारातून आत येतो आणि एकामागून एक दालने ओलांडीत जातो. प्रत्येक वस्तूपाशी दोनतीन ओळी, क्वचित परिच्छेद. परंतु त्या ओळींतून जे सांगितले जाते ते आकार, रंग, कारागिरी यांविषयी फारसे नसते. वस्तू कोणाची होती, तिच्याकडून कोणाकडे गेली, शेवटी कोणी दिली, हाच तपशील मुख्य. कार्डिनल वुल्झीची म्हणून ठेवलेली लाल टोपी घ्या. राजवाड्याच्या वस्त्रभांडारात ती बिशप बर्नेटला सापडली. त्याच्याकडून न्यायाधीश असलेल्या मुलाकडे, तेथून अल्बमार्लच्या वृद्ध काउंटेसकडे, आणि तिने ती वॉलपोलला दिली. टोपीचे वर्णन एवढेच. ही वस्तूंची वंशावळ आहे. जणू सरदार घराण्यांच्या बखरीतून माणसे उठून गेली आहेत आणि त्यांच्या जागी टोप्या, आरसे, हातमोजे येऊन बसले आहेत.

या पद्धतीचे बळ एका साध्या चिनी मातीच्या कुंडात सर्वांत चांगले दिसते. वॉलपोलच्या लंडनच्या घरी १७४७ मध्ये सेलिमा नावाची त्याची मांजर सोनेरी मासे ठेवलेल्या या निळ्यापांढऱ्या कुंडात बुडून मेली. ग्रेने तिच्यावर अर्धी थट्टेची, अर्धी उपदेशाची कविता लिहिली. पुढे कुंड स्ट्रॉबेरी हिलला आले, चौथऱ्यावर बसले, आणि त्याला त्या कवितेचे पहिले कडवे डकविण्यात आले. अशी कुंडे त्या काळी श्रीमंतांच्या घरांत पुष्कळ असतील. हेच एक साऱ्या इंग्रजी वाङ्मयात ओळखले जाते, आणि तेही चिठ्ठीमुळे.

चिठ्ठीचे सामर्थ्य ओळखावे तशी तिची मर्यादाही. एलिझाबेथकालीन गणिती आणि गूढविद्यावादी जॉन डी याचा म्हणून जो काळा आरसा वॉलपोलकडे होता, तो १९६६ पासून ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. या काळ्या दगडात डी आपल्या आत्म्यांना बोलावीत असे, हे आपणांस सांगते ती वॉलपोलने हाताने लिहिलेली चिठ्ठी. तीत वंशावळही आहे: पीटरबरोचे अर्ल, मग लेडी एलिझाबेथ जर्मेन, मग ड्यूक ऑफ आर्गाइल, मग लॉर्ड फ्रेडरिक कॅम्बेल. नीट पाहिले तर पहिला दुवा डी नाही, पीटरबरो आहे. डीपासून पीटरबरोपर्यंतचे अंतर एका वाक्याने ओलांडलेले आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक परीक्षणाने हा आरसा मेक्सिकोतील पाचुका येथील ज्वालामुखीच्या काचेचा, म्हणजे अ‍ॅझ्टेक लोकांच्या देशातला, असल्याचे निश्चित झाले. दगडाने आपली जन्मभूमी सांगितली. तो डीच्या हाती होता की नाही हे मात्र दगड सांगू शकत नाही. त्यासाठी अजूनही वॉलपोलच्याच शब्दावर विसंबावे लागते. आणि अ‍ॅझ्टेक कारागिरापासून इंग्लिश सरदारापर्यंतच्या प्रवासात तो कोणी कोणाकडून कसा घेतला, याविषयी त्या ऐटदार वंशावळीत अक्षर नाही. दिली, मिळाली, भेट आली: वर्णनसूचीतील क्रियापदे अशी सौम्य आहेत. घेतली, हिरावली, बळकावली अशी क्रियापदे तीत येत नाहीत.

ती क्रियापदे दुसऱ्या पुस्तकात आहेत.

'द कॅसल ऑफ ओट्रांटो' २४ डिसेंबर १७६४ रोजी प्रसिद्ध झाली. उत्तर इंग्लंडमधील एका जुन्या कॅथॉलिक घराण्याच्या ग्रंथालयात सापडलेल्या, १५२९ मध्ये नेपल्स येथे छापलेल्या, ओनुफ्रियो मुराल्तो याच्या इटालियन ग्रंथाचे विल्यम मार्शल याने केलेले भाषांतर, अशी तिची बतावणी होती. भाषांतरव्यवसायाच्या इतिहासात या प्रस्तावनेला खास जागा मिळावयास हवी. मूळ भाषेचे माधुर्य आपल्या भाषेत उतरत नाही ही भाषांतरकाराची नेहमीची विनवणी वॉलपोलने इतकी हुबेहूब साधली आहे की खऱ्या भाषांतरकारांना थोडे ओशाळे वाटावे. परंतु त्याच प्रस्तावनेत तो खोटा भाषांतरकार एक खरी गोष्ट सांगून जातो. उजव्या हाताची खोली, डाव्या हाताचे दार, असे बारकावे ज्या निश्चितीने येतात त्यावरून लेखकाच्या नजरेसमोर एखादी प्रत्यक्ष वास्तू असावी, असा तर्क तो करतो. १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत बतावणी संपली. विल्यम कोल या मित्राला मार्च १७६५ मध्ये लिहिलेल्या पत्रात वॉलपोलने स्वप्नाची हकीकत सांगितली: एका प्राचीन गढीत, मोठ्या जिन्याच्या वरच्या कठड्यावर, चिलखत घातलेला प्रचंड हात. आणि १७८४ च्या वर्णनसूचीच्या प्रस्तावनेत तर या घराने त्या कादंबरीला स्फूर्ती दिली हे त्याने स्वतःच नोंदविले आहे. त्याच सूचीत दीर्घ दालनातील लॉर्ड फॉकलंडच्या चित्राखाली अशी टीप आहे की, चौकटीतून बाहेर चालत येणाऱ्या चित्राची कल्पना या तसबिरीवरून सुचली.

कादंबरी म्हणून 'ओट्रांटो' फार थोर नाही. पात्रे पातळ आहेत, संवाद ताणलेले आहेत. कथेचा वेग मात्र मेकॉलेलाही मान्य करावा लागला. पण तीतील खरी पात्रे कोणती, हा प्रश्न विचारला म्हणजे चित्र बदलते. राजपुत्र काँराड लग्नाच्या दिवशी एका अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो. आजोबांची तसबीर उसासा टाकून चौकटीबाहेर पडते. आल्फोन्सोच्या पुतळ्याच्या नाकातून रक्त ठिबकते. प्रचंड तलवार, प्रचंड पाऊल, प्रचंड हात एकेक करून दिसू लागतात. माणसे धावतात, ओरडतात, बेशुद्ध पडतात. कृती करतात त्या वस्तू. वर्णनसूचीत ज्या वस्तू चौथऱ्यांवर आणि कपाटांत निमूट बसलेल्या आहेत त्याच येथे उठून चालू लागल्या आहेत. आणि त्या कशासाठी उठल्या? मॅन्फ्रेड ज्या गढीत राहतो ती त्याची नाही. त्याचा आजोबा रिकार्दो हा मूळ मालकाचा कारभारी. त्याने आल्फोन्सोला विष देऊन खोट्या मृत्युपत्राच्या आधारे गढी घेतली. खरा मालक इतका मोठा होईल की या घरात मावणार नाही, तेव्हा ती या वंशाकडून जाईल, अशी भविष्यवाणी आहे; आणि शेवटी भिंती कोसळून ती खरी होते.

मध्ययुगाचे सामान घराघरांतून उचलून ज्याने आपले घर सजविले, त्याच्याच लेखणीतून ही कथा उतरावी हे विलक्षण आहे. परंतु मेकॉलेच्या अर्थाने नव्हे. वर्णनसूची प्रत्येक वस्तूचे मूळ सांगते आणि घराचे मूळ विचारीत नाही. कादंबरी नेमके तेच विचारते: हे घर कोणाचे? मालकी सिद्ध करणारा कागद खरा की खोटा? खोट्या कागदाचा प्रश्न खोट्या कागदाच्या मिषाने मांडला गेला आहे, हा एक वेगळाच विनोद. १७६९ मध्ये टॉमस चॅटर्टन या किशोराने असेच बनावट मध्ययुगीन कागद वॉलपोलकडे पाठविले तेव्हा त्याने ते परत केले, आणि पुढच्या वर्षी चॅटर्टनच्या मृत्यूनंतर त्याचा दोष वॉलपोलच्या माथी मारण्यात आला. तो दोष अन्यायाचा आहे. तरीही एका बनावटीला आवृत्त्या मिळाव्या आणि दुसरीला परतीचा टपाल, यातील फरक प्रतिभेचा नव्हता, पदरच्या उत्पन्नाचा होता, हे विसरता येत नाही.

तेव्हा उत्पन्नाचे बोलले पाहिजे. स्ट्रॉबेरी हिलला जहागीर नव्हती. लगदा, तसबिरी, टोप्या, छापखाना हे सारे चालले ते मुख्यतः सरकारी तिजोरीतील जागांवर. त्या जागा बापाने मुलाला तारुण्यातच मिळवून दिल्या होत्या; काम दुय्यम कारकून करीत, वेतन वॉलपोल घेई. १७८० च्या सुमारास अशा जागांवर टीका वाढली, तेव्हा १७८२ मध्ये त्याने आपल्या वर्तनाचे लेखी समर्थनही करून ठेवले. त्यात कोडगेपणा नाही, आणि पश्चात्तापही नाही.

तरी बळकावणे म्हणजे काय हे तो ओळखत नव्हता असे म्हणवत नाही. मार्च १७७२ मध्ये मॅनला लिहिलेल्या पत्रात, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी धान्याचा मक्ता घेतल्यामुळे बंगालमध्ये लक्षावधी माणसे उपासमारीने मेली याविषयी तो जळजळीत संतापाने लिहितो. हत्या, पदच्युती, लूट, राज्यहरण असा आपल्याच देशबांधवांच्या कृत्यांचा पाढा तो वाचतो, आणि पेरूतील स्पॅनिशांनाही आपण मागे टाकले असे म्हणतो. मेकॉलेने परीक्षण केले ते याच मॅनला लिहिलेल्या पत्रांचे. बंगालच्या दुष्काळाला दोनच वर्षे झाली असताना ज्याच्या ध्यानी एवढे आले, त्याला मोठ्या गोष्टी दिसतच नव्हत्या हा निवाडा टिकत नाही. त्या दिसत होत्या. त्या पत्रांत आणि कल्पित इटलीत मांडल्या गेल्या, घराच्या वर्णनात त्यांना प्रवेश मिळाला नाही. वॉलपोलविरुद्ध खरा आक्षेप घ्यावयाचा तर तो हा आहे, आणि तो मेकॉलेच्या आक्षेपाहून जड आहे.

वॉलपोल १७९७ मध्ये वारला. घर पुढे वॉल्डग्रेव्ह घराण्याकडे गेले. सातव्या अर्लला एका पोलिसावर हल्ला केल्याबद्दल १८४१ मध्ये तुरुंगवास झाला. बाहेर आल्यावर त्याने सारा संग्रह विकावयास काढला. २५ एप्रिल १८४२ पासून चोवीस दिवस घराच्या आवारात लिलाव चालला. मुद्राचित्रांची यादी इतकी सदोष निघाली की तो भाग वगळून नंतर लंडनमध्ये विकावा लागला. एकंदर सुमारे ३३ हजार पौंड आले. लिलावदार जॉर्ज रॉबिन्स याने काढलेली यादी हे याच वस्तूंचे दुसरे वर्णन. तिची शैली इतकी फुगीर होती की 'गूझबेरी हॉल'च्या लिलावाची म्हणून एक विडंबनयादीही लगेच निघाली. रॉबिन्सला वस्तू खपवावयाच्या होत्या, म्हणून त्याच्याकडे विशेषणे आहेत. वॉलपोलला त्या हरवू द्यावयाच्या नव्हत्या, म्हणून त्याच्याकडे नावे आहेत. पुढच्या शोधकाला उपयोगी पडली ती नावे.

मांजरीचे कुंड अर्ल ऑफ डर्बीने घेतले. ते नोझली येथे गेले. वुल्झीची टोपी चार्ल्स कीन या नटाने घेतली. ती आज ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये आहे. ग्रिन्लिंग गिबन्सने लाकडात कोरलेला, जाळीदार वस्त्राचा भास करविणारा गळपट्टा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममध्ये आहे. १७६९ मध्ये फ्रेंच पाहुण्यांच्या स्वागतासाठी वॉलपोल तो गळ्यात घालून उभा राहिला होता. रोममध्ये १७४२ साली सापडलेला संगमरवरी गरुड स्कॉटलंडमधील गॉसफर्ड हाउसमध्ये आहे. अमेरिकेत कनेक्टिकटमधील फार्मिंग्टन येथे विल्मार्थ लुइस याने उभे आयुष्य वॉलपोलचे कागद आणि ग्रंथ जमविण्यात घालविले. त्याने आरंभिलेली पत्रव्यवहाराची ४८ खंडांची आवृत्ती १९३७ ते १९८३ या काळात पुरी झाली. शेवटचे खंड पाहावयास तो स्वतः उरला नव्हता.

घर मात्र जागेवर राहिले. विसाव्या शतकात त्यात शिक्षकांचे महाविद्यालय भरले; दुरुस्तीनंतर ते २०१० मध्ये पाहणाऱ्यांसाठी पुन्हा उघडले. हयातीत वॉलपोलने पाहुण्यांसाठी छापील नियम केले होते: दिवसाला एकच मंडळी, चारांहून अधिक नकोत, मुले आणू नयेत. मंडळी आली की तो स्वतः दडून बसे आणि घराची व्यवस्था पाहणारी मार्गरेट त्यांना हिंडवून बक्षिसी मिळवी; तिच्याशी लग्न केले तर तो पैसा घरातच राहील, असे तो गमतीने म्हणे. २०१८ च्या ऑक्टोबरपासून २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत, पांगलेल्या वस्तूंपैकी दीडशेवर वस्तू उसन्या आणून त्यांच्या जुन्या ठिकाणी मांडण्यात आल्या. कोणती वस्तू कोणत्या दालनात होती हे सांगावयास १७८४ ची वर्णनसूची हाताशी होती. मुदत संपल्यावर त्या आपापल्या आजच्या मालकांकडे परत गेल्या.